रेडिओ पाठांतराने येत नाही

धुळ्याजवळचं गोंदूर, शिरपूरजवळचं तांडे आणि जळगावजवळचं कुसुंबा. या तीन धावपट्ट्यांमुळे खान्देशाला लहान विमानाच्या आवाजाचं अप्रूप राहिलेलं नाही. केळीच्या बागेत काम करणारा माणूस मान वर न करताच सांगतो, शिकाऊ आहे म्हणून. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारीच्या जोडीला जळगाव होतं. तेव्हापासून आपल्याकडे चर्चा चालते ती जागांची, फीची, विमानांच्या संख्येची आणि बँकेच्या कर्जाची. पोरांना शिकवतात काय आणि कसं, याबद्दल फार कमी बोललं जातं. रेडिओबद्दल तर जवळजवळ नाहीच.

विमान आणि टॉवर, म्हणजे विमानतळावरचा वाहतूक नियंत्रण कक्ष, यांच्यातलं रेडिओवरचं बोलणं, आणि रेडिओ गेला तर टॉवरवरून दाखवले जाणारे रंगीत दिवे, या दोन्ही गोष्टी आपण परीक्षेपुरत्या शिकवतो. पहिली वाक्यांच्या वहीतून, दुसरी पुस्तकातल्या एका तक्त्यातून. दोन्ही मुळात कानाची, जिभेची आणि डोळ्याची कामं आहेत. ती धावपट्टीवर, विद्यार्थी एकटा उडायच्या आधी आणि एकत्र शिकवली पाहिजेत, असं आमचं म्हणणं आहे. त्यासाठी लागणारा खर्च एका उड्डाण-तासाच्या खर्चापुढे काहीच नाही.

आधी परीक्षेचं बघू. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हवा तर २०० तासांच्या उड्डाणाबरोबर रेडिओ वापरण्याचा परवानाही लागतो. त्यासाठीची आरटीआर-ए परीक्षा वर्षानुवर्षं दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा घेत होती. विमान उडवण्याची परीक्षा एका खात्याकडे, विमानातून बोलण्याची दुसऱ्याकडे. त्यामुळे फ्लाइंग स्कूलने रेडिओची जबाबदारी अंगावर घेतली नाही आणि ती शहरांतल्या क्लासेसनी उचलली. क्लासमध्ये ठरावीक प्रसंगांची ठरावीक उत्तरं मिळतात. मुलं ती घोकतात, शांत खोलीत परीक्षकासमोर म्हणून दाखवतात आणि पास होतात. त्या खोलीत इंजिनाचा आवाज नसतो, दुसरं विमान मध्येच बोलत नाही, आणि बोलता बोलता उंची राखायची नसते. आता १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ही परीक्षा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे आणली आहे. खातं बदललं. परीक्षेचा ढंग बदलायची संधी हीच आहे, आणि ती नुसतं केंद्र आणि अर्जाची वेबसाइट बदलून वाया घालवू नये.

घोकलेली वाक्यं कुठे तुटतात ते पहिल्या बटणापासून दिसतं. विद्यार्थी बोलण्याचं बटण दाबतो आणि त्याच क्षणी बोलायला लागतो. ट्रान्समीटर सुरू व्हायला किंचित वेळ लागतो, तेवढ्यात पहिला शब्द खाल्ला जातो. तो शब्द बहुधा टॉवरचं नाव किंवा विमानाच्या कॉलसाइनचं, म्हणजे रेडिओवरच्या नावाचं, पहिलं अक्षर असतो, म्हणजे नेमका महत्त्वाचा. दाबा, अर्धा सेकंद थांबा, बोला, वाक्य संपल्यावर सोडा. मायक्रोफोन ओठाला लागेल न लागेल इतका जवळ हवा. तो हनुवटीखाली गेला की टॉवरला इंजिनच ऐकू येतं. बटण अडकून दाबलेलं राहिलं तर काय होतं, हेही दाखवायला हवं. अख्खी फ्रिक्वेन्सी बंद पडते, कोणालाच बोलता येत नाही, आणि ज्याचं बटण अडकलंय त्यालाच ते सगळ्यांत शेवटी कळतं, कारण बटण दाबलेलं असताना त्याला काहीच ऐकू येत नाही. एखादी फ्रिक्वेन्सी नेहमीपेक्षा जास्त शांत वाटली की आधी स्वतःचं बटण बघावं.

विमानाचा व्हीएचएफ रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि अजूनही एएम पद्धतीने चालतो. दोघे एकाच वेळी बोलले तर ऐकणाऱ्याला शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो. ही गैरसोय उपयोगाची आहे, कारण निदान दोघे बोलले एवढं तरी इतरांना कळतं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर हेच झालं. दाट धुक्यात केएलएमच्या विमानातून ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा अर्थाचं संदिग्ध वाक्य गेलं. टॉवरने ‘ओके’ म्हणून पुढे थांबायला सांगितलं, आणि त्याच सेकंदांत पॅन अ‍ॅमचं विमान आपण अजून धावपट्टीवरच असल्याचं सांगत होतं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोचली ती शिट्टी. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त परवानगी देताना, ती परत म्हणताना किंवा रद्द करताना वापरायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. हा नियम मुलं पाठ करतात. त्यामागची शिट्टी मात्र त्यांना कोणी ऐकवत नाही, आणि ऐकवल्याशिवाय तो नियम जिभेवर बसत नाही.

परत म्हणून दाखवणं, म्हणजे रीडबॅक, हा दुसरा कच्चा दुवा. धावपट्टीवर जाणं, ती ओलांडणं, तिच्याआधी थांबणं, उतरणं, उडणं, उंची, दिशा, वेग, दाबाचं सेटिंग, ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड: एवढं सगळं शब्दशः परत म्हणायचं. शिकाऊ मुलगा ‘रॉजर’ म्हणतो आणि सुटतो. रॉजरचा अर्थ एवढाच की तुमचं सगळं बोलणं मला मिळालं. मान्य आहे, करतो, परवानगी समजली, यांतलं काहीही त्यात नाही. ‘स्टँडबाय’ म्हणजे होकारही नव्हे आणि नकारही. जळगावला तर उडान योजनेतली एटीआर विमानं आणि शिकाऊ विमानं एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. जमिनीवरून धावपट्टीकडे निघालेल्या शिकाऊ सेसनाने ‘धावपट्टीआधी थांबा’ हे नुसत्या रॉजरवर भागवलं, तर टॉवरला पुन्हा विचारावं लागतं, आणि मागे लांबून येणारं प्रवासी विमान तेवढा वेळ बोलू शकत नाही.

कॉलसाइनचा घोळ फ्लाइंग स्कूलमध्ये खास होतो. एकाच संस्थेने एकदम घेतलेल्या विमानांच्या नोंदणीची अक्षरं सारखी असतात, फरक शेवटच्या अक्षराचा. टॉवरने दुसऱ्याला दिलेली परवानगी आपलीच समजून परत म्हणणारा विद्यार्थी घाईत नसतो, तो आशेवर असतो. आपल्याला हवं तेच कानाला ऐकू येतं. म्हणून कॉलसाइन आपणहून तोडायची नाही. टॉवरने आधी छोटी केली तरच आपण छोटी वापरायची. आणि मिळतीजुळती अक्षरं असलेली दोन विमानं एकाच वेळी चकरांना, म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या मारायला, पाठवायची की नाही, हे संस्थेच्या वेळापत्रकात ठरवता येतं. त्याला पैसे पडत नाहीत.

भाषेबद्दल आपल्या भागात एक न्यूनगंड मुद्दाम पोसला जातो. मराठी शाळेतून आलेल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला सांगतात, तुझं इंग्रजी सुधार मग रेडिओ येईल. हे अर्धवट खरं आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण गेले, तेव्हा कझाक वैमानिकांचं कच्चं इंग्रजी चर्चेत आलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय पातळीवर भाषेच्या पात्रतेचे नियम आले, ते मार्च २००८ पासून लागू आहेत आणि किमान चौथी पातळी लागते. पण ती पातळी मागते समजण्याजोगे उच्चार आणि अनपेक्षित प्रसंगात मोडकंतोडकं का होईना, नेमकं सांगता येणं. साहेबी उच्चार ती मागत नाही. रेडिओची प्रमाण वाक्यं तर इतकी थोडी आणि ठरलेली आहेत, की ती इंग्रजीची नसून धंद्याची बोली आहे. आकडे तर आपल्या जिभेला सोयीचे करून ठेवलेत: तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नायनर’. मिनिटाला १०० शब्दांपेक्षा जास्त वेग नको, असा नियमच आहे. फाडफाड इंग्रजी बोलणारी शहरी मुलं इथेच घसरतात आणि तालुक्याच्या गावातून आलेला मुलगा सावकाश बोलून बाजी मारतो. समजावून सांगणं मराठीत चालेल, चालायलाच हवं. बोलायचं मात्र फक्त ठरलेल्या वाक्यांत.

खरी अडचण कानाची आहे. आपल्याकडे विमानांच्या फ्रिक्वेन्सी ऐकायला परवान्याशिवाय रिसीव्हर ठेवता येत नाही. म्हणून मुलं इंटरनेटवरचं अमेरिकन संभाषण ऐकत बसतात आणि तिकडच्या सवयी उचलतात. तिकडे दशांशाला ‘पॉइंट’ म्हणतात, इथे ‘डेसिमल’. तिकडे दाब इंचांत सांगतात, इथे क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकात लावायचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये. दिव्यांच्या बाबतीत ही उसनवारी थेट धोक्याची आहे, ते पुढे येईलच. संस्थांनी रीतसर परवानगी घेऊन इथल्याच टॉवरचं संभाषण ध्वनिमुद्रित करावं आणि वर्गात ऐकवावं: आधी स्वच्छ, मग इंजिनाच्या आवाजासकट, मग दोन विमानं एकमेकांवर बोलताना. विद्यार्थ्याने कागद-पेन्सिल घेऊन फक्त आपल्या कॉलसाइनचं टिपायचं आणि परत म्हणायचं. बोलायचा सराव दोन हेडसेट आणि बॅटरीवरच्या इंटरकॉमच्या डबीवर होतो. त्यातून हवेत काहीच प्रसारित होत नाही, त्यामुळे परवान्याचा प्रश्नही येत नाही. एक जण टॉवर, दुसरा विमान, तिसरा मध्येच बोलून त्रास देणारा. विमान झालेल्याच्या हातात त्याच वेळी बेरीज-वजाबाकीचा कागद द्यावा, कारण कॉकपिटमध्ये फक्त बोलणं हे एकच काम कधी नसतं.

वेळ नाही ही सबब खान्देशात तरी चालणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारी तापलेल्या हवेत लहान विमान भिरभिरतं आणि उड्डाणं सकाळी उरकावी लागतात. पावसाळ्यात ढग खाली आले की दिवसचे दिवस मुलं हॉस्टेलवर बसून असतात. हे सगळे तास रेडिओचे आहेत.

आता रेडिओ गेल्याची गोष्ट. ‘गेला’ म्हणण्याआधी तो खरंच गेला का, हे बघायची एक उतरंड असते आणि ती अंधारात हात चाचपडूनही जमली पाहिजे. फ्रिक्वेन्सी बरोबर आहे का, आवाजाचं बटण कमी झालंय का, ऑडिओ पॅनेलवर पहिला रेडिओ निवडलाय की दुसरा. मग हेडसेटच्या दोन पिना. जाड पिन ऐकण्याची, बारीक पिन मायक्रोफोनची. गुडघा लागून बारीक पिन अर्धी बाहेर आली तर सगळं ऐकू येतं, पण आपलं कोणाला जात नाही. जाड पिन सुटली तर उलट. म्हणजे काय बंद आहे यावरून कुठे हात घालायचा ते कळतं. मग दुसरा रेडिओ, सर्किट ब्रेकर, आणि अल्टरनेटर चार्ज देतोय का. आपल्याकडे यात एक स्थानिक कारण मिसळतं: सातपुडा. व्हीएचएफ लहरी सरळ रेषेत जातात. सपाट जमिनीवर हजार फुटांवरून साधारण ३९ सागरी मैल पोच मिळते, पण शिरपूर, चोपडा, यावलच्या उत्तरेला एखादी डोंगररांग मध्ये आली की पोच शून्य. तेव्हा आधी सुरक्षितपणे उंची घ्यावी आणि पुन्हा हाक द्यावी. कित्येकदा रेडिओ ठीकच असतो.

तरीही काही नाही, तर ट्रान्सपाँडरवर ७६००, म्हणजे रेडिओ बंद पडल्याचा कोड. ऐकू येत नसलं तरी आपलं जात असेल असं धरून ‘ट्रान्समिटिंग ब्लाइंड’ म्हणत स्थान आणि इरादा सांगत राहायचं. हवा स्वच्छ असेल तर डोळ्यांनी दिसणाऱ्या हवामानात राहून जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचं. विजेचा पुरवठाच गेला असेल, तर ट्रान्सपाँडरही गेला. तिथे दिव्यांचं काम सुरू होतं. टॉवरवरचा सिग्नल लॅम्प चालायला विमानात काहीही चालू असावं लागत नाही.

संकेत मोजकेच आहेत. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरायला परवानगी. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट द्या आणि चकरा मारत राहा. लुकलुकता हिरवा: उतरण्यासाठी परत या, परवानगी नंतर मिळेल. लुकलुकता लाल: विमानतळ असुरक्षित, उतरू नका. लुकलुकता पांढरा: याच विमानतळावर उतरा आणि एप्रनकडे, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेकडे, जा, अर्थात उतरायची परवानगी वेगळी मिळेल. जमिनीवर असताना तेच रंग वेगळं बोलतात. स्थिर हिरवा उड्डाणाची परवानगी, लुकलुकता हिरवा टॅक्सीची, म्हणजे जमिनीवरून चालत जाण्याची. स्थिर लाल थांबा, लुकलुकता लाल वापरातल्या धावपट्टीच्या भागातून बाहेर व्हा. लुकलुकता पांढरा जिथून निघालात तिथे परत. अमेरिकेतल्या तक्त्यात लाल-हिरवा आलटून पालटून दाखवला तर ‘जास्त सावध राहा’ असा आणखी एक संकेत आहे आणि हवेतल्या विमानासाठी लुकलुकत्या पांढऱ्याला अर्थच नाही. भारतात आपण आंतरराष्ट्रीय तक्ता पाळतो. अमेरिकन व्हिडिओवरून दिवे पाठ केलेला मुलगा पांढरा दिवा पाहून ‘हा आपल्यासाठी नाही’ म्हणेल, आणि टॉवर त्याला खाली बोलावत असेल.

तक्ता दहा मिनिटांत पाठ होतो. तो दिसत नाही, हे दुखणं आहे. या दिव्याचा झोत फक्त १ ते ३ अंश रुंद असतो, त्याबाहेर जवळजवळ काहीच दिसत नाही. दोन किलोमीटरवर एक अंश म्हणजे फक्त ३५ मीटर. नव्वद नॉट्सचं विमान सेकंदाला ४६ मीटर जातं. म्हणजे टॉवरवरच्या माणसाने हात स्थिर ठेवला तर विमान एका सेकंदाच्या आत झोताबाहेर. त्याला विमानाबरोबर दिवा फिरवत राहावं लागतं, आणि हात जरा हलला की स्थिर हिरवा वैमानिकाला लुकलुकता दिसतो. ‘उतरा’चं ‘परत या’ होतं, लालचंही तसंच. म्हणून पहिल्या झटक्याला निर्णय घ्यायचा नाही, काही सेकंद पाहत राहायचं, खात्री झाली की पंख डोलवून पोच द्यायची. रात्री लँडिंग लाइट दोनदा चालू-बंद. बेस आणि फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या दोन टप्प्यांवर, पंख डोलवणं अपेक्षित नाही, तिथे विमान सांभाळायचं. जमिनीवर दिवसा पंखावरचं एलेरॉन किंवा शेपटीवरचं रडर हलवायचं.

त्यात विमानाची अडचण वेगळी. सेसनाचे पंख वर असल्याने बेसकडे वळताना आतला पंख खाली येतो आणि नेमकं धावपट्टी आणि टॉवर झाकतो. उजव्या चकरांत डाव्या सीटवरून टॉवर शोधायला शेजारच्या सीटपलीकडे बघावं लागतं. कोणत्या धावपट्टीला, चकरेच्या कोणत्या टप्प्यावर टॉवर स्वच्छ दिसतो, याचं रेखाचित्र प्रत्येक संस्थेने आपापल्या धावपट्टीसाठी करून भिंतीवर लावायला हवं. उन्हाळ्याची धूळ हवेत असली की पांढरा पिवळट दिसतो, आणि काळपट किंवा पिवळट काचांचा चष्मा डोळ्यावर असला तर भरच. दिवा बघताना गॉगल काढा, हे एक वाक्य तरी प्रत्येक ब्रीफिंगमध्ये असावं. वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला का लावतात, याचं उत्तर मुलांना इथे मिळतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: आता विमानात दोन रेडिओ असतात, खिशात मोबाइल असतो, दिवे कोण वापरतो? मोबाइलचा मुद्दा खोटा नाही. टॉवरचा नंबर साठवलेला असावा, आणि हेडसेटला ब्लूटूथ असेल तर त्यावरून बोलणं होऊही शकतं. पण ब्लूटूथ नसलेल्या जुन्या हेडसेटमध्ये, इंजिनाच्या आवाजात, सातपुड्याच्या पायथ्याशी नेटवर्कच्या एका दांडीवर, पहिल्यांदाच एकट्याने उडणाऱ्या मुलाने विमान सोडून फोन चाळत बसणं हाच मोठा धोका. दोन रेडिओ असले तरी दोघांना वीज एकाच अल्टरनेटरची. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जिथे टॉवरच नाही, तिथे दिवा कोण दाखवणार? तिथे दिवा नाही हे खरं. पण व्यावसायिक परवान्याच्या वाटेवरचा प्रत्येक विद्यार्थी लांब पल्ल्याच्या उड्डाणात कधी ना कधी टॉवर असलेल्या विमानतळावर जातो, आणि विजेचा बिघाड आपली धावपट्टी बघून येत नाही.

म्हणून डीजीसीएकडे मागणं असं. परीक्षेत इंजिनाच्या गोंगाटातलं भारतीय संभाषण ऐकवा आणि त्यातून रीडबॅक करून घ्या. प्रात्यक्षिक परीक्षा मुंबईसारख्या महानगरापुरती न ठेवता खान्देशात निदान जळगावला घ्या. एकट्याने उडण्याआधी प्रशिक्षकाने आवाज बंद करून फक्त दिव्यांवर एक पूर्ण चक्कर मारून घेतल्याची नोंद विद्यार्थ्याच्या लॉगबुकात सक्तीची करा. टॉवरशी आधी ठरवून हे सहज होतं. रेडिओ चालूच असतो, प्रशिक्षक ऐकत असतो.

हवेत जाण्याआधी जमिनीवरचा सराव तर कोणाच्या परवानगीवाचूनही अडत नाही. जोरदार टॉर्च, तिच्या तोंडावर लाल आणि हिरवा जिलेटिन कागद, संस्थेच्या आवारात पाचशे मीटरचं अंतर, आणि विद्यार्थ्याने चालत चालत संकेत वाचायचे. टॉर्च आकाशाकडे किंवा चालू धावपट्टीकडे कधीही धरायची नाही, आणि लेझर तर नाहीच. टॉवरवरच्या खऱ्या दिव्याची महिन्यातून एकदा तपासणी व्हावी: बॅटरी पूर्ण भरली आहे का, रंग बदलायचा खटका अडकत तर नाही, काचेवर धूळ किती बसली, आणि धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाला तिन्ही रंग भर दुपारी ओळखता येतात का. तो माणूस म्हणून दर महिन्याला वेगळा विद्यार्थी उभा करावा. तारीख, वेळ, त्याने वाचलेले रंग आणि त्याची सही वहीत असावी, आणि चुकीचा वाचलेला रंगही खाडाखोड न करता तसाच ठेवावा.